‘एकच ॲडजस्टेबल नोझल सगळ्या लॉनला पुरतं’: या दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

लॉनच्या स्प्रिंकलरबद्दलचा एक मेसेज सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्याचं सार असं: वेगवेगळ्या कोनांची आणि अंतरांची नोझल घेण्यात पैसे घालवू नका, एकच ॲडजस्टेबल नोझल सगळीकडे बसवा. कोन कमी केला की पाणी आपोआप कमी होतं. फवारा लांब जात असेल तर नोझलच्या मधला स्क्रू घट्ट कसा, तेवढीच पाण्याची बचत. पोचत नसेल तर प्रेशर वाढवा. दोन फवारे एकमेकांवर पडू देऊ नका, ते पाणी वाया जातं. आणि नोझलखालची जाळी काढून टाका, ती प्रेशर खाते.

यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून मेसेज चटकन पटतो. पण त्याबरहुकूम बसवलेल्या लॉनवर काय होतं ते ठरलेलं आहे. एका कोपऱ्यात पाय रुतेल इतका चिखल आणि चार पावलांवर पिवळं गवत. मग पिवळ्या गवतासाठी टायमरची मिनिटं वाढवली जातात आणि चिखलाच्या कोपऱ्यात आणखी पाणी ओतलं जातं. ज्या पाण्याच्या बचतीसाठी हे सगळं केलं, तेच सगळ्यात जास्त वाया जातं. म्हणून हा मेसेज नुसता वाचून सोडून द्यावासा वाटत नाही.

मेसेजचा मूळ घोटाळा असा की त्यात नोझल म्हणजे पाणी लांब उडवायचं साधन, एवढंच गृहीत धरलंय. नोझलचं खरं काम वाटणीचं आहे. त्याच्या वाट्याला जेवढी जमीन, तेवढंच पाणी त्यातून आलं पाहिजे. जमीन निम्मी झाली तर पाणीही निम्मं व्हायला हवं. ही एक अट डोक्यात ठेवली की पुढचे सगळे मुद्दे उलगडत जातात.

‘कोन कमी केला की पाणी आपोआप कमी होतं’

स्प्रे नोझलपुरतं, म्हणजे जागच्या जागी पंख्यासारखा फवारा टाकणाऱ्या नोझलपुरतं, हे बरंचसं खरं आहे, आणि ते का खरं आहे हे बघण्यासारखं आहे. ॲडजस्टेबल नोझल उन्हात धरा आणि त्याची कॉलर, म्हणजे बाहेरची फिरती कडी, सावकाश फिरवा. मधल्या दांड्यावर एक मळसूत्री कड असते, कॉलरच्या आत तशीच दुसरी. दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात तेव्हा वाट बंद. कॉलर फिरू लागली की त्यांच्यामध्ये एक बारीक, वक्र फट उघडत जाते. पाव फेरा फिरवला तर 90 अंशांची, अर्धा फेरा फिरवला तर 180 अंशांची. फटीची रुंदी तीच राहते, वाढते ती लांबी. त्यामुळे कोन दुप्पट झाला की पाणीही साधारण दुप्पट होतं. 15 फुटी, म्हणजे 15 फुटांपर्यंत फवारा टाकणारं, नोझल 30 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप), म्हणजे सुमारे 2 बार दाबाला, पूर्ण वर्तुळात मिनिटाला साधारण 14 लिटर पाणी सोडतं, अर्ध्या वर्तुळात 7 आणि पाव वर्तुळात साडेतीन. वाटणीची अट इथे पाळली जाते. डिझाइनची खरी हुशारी या मळसूत्री फटीत आहे.

पण मेसेजने हेच वाक्य सरसकट सगळ्या स्प्रिंकलरना लावलंय, आणि नुकसान तिथे होतं. गोल फिरत एक-दोन धारा फेकणाऱ्या गिअर रोटरलाही कोनाचं ॲडजस्टमेंट असतं. त्यात मात्र कोन बदलला तरी पाण्याचं भोक तेच राहतं, फक्त डोकं मागे कुठून वळायचं ते बदलतं. 360 अंशांचा रोटर 90 वर आणला तर मिनिटाला पडणारं पाणी तेवढंच, आणि ते सगळं पाव जमिनीवर. म्हणजे तिथल्या गवताला चौपट पाणी. म्हणूनच रोटरमध्ये कोपऱ्यावर लहान भोकाचं, मधोमध मोठ्या भोकाचं नोझल घालायचं असतं. रोटरच्या पाकिटात नोझलांचा आख्खा गुच्छ मिळतो तो यासाठीच. बहुतेक ठिकाणी त्यातलं एक बसवून बाकीचे ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

‘ॲडजस्टेबल घेतलं की ठराविक कोनाचं नोझल लागतच नाही’

पुन्हा त्या फटीकडे या. 30 पीएसआयचा पूर्ण दाब वेगात बदलला तर पाणी सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने बाहेर पडतं. त्या वेगाने मिनिटाला 14 लिटर जायला जेमतेम 12 चौरस मिलिमीटर एवढी वाट पुरते. ती वाट पूर्ण गोलाकार पसरली की फटीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. आता प्लॅस्टिकच्या साच्यात एका बाजूला 0.05 मिलिमीटरचा फरक पडला, तर त्या दिशेला पाणी दहा टक्क्यांनी कमी किंवा जास्त. ठराविक कोनाच्या नोझलमध्ये हलणारा भाग नसतो, मोजमाप साच्यातच पक्कं झालेलं असतं. ॲडजस्टेबलमध्ये दोन मळसूत्री कडा एकमेकींवर सरकतात आणि त्यांची झीजही होते.

दुसरी अडचण कडांची. बहुतेक ॲडजस्टेबल नोझलमध्ये फवाऱ्याची एक कड पक्की असते आणि दुसरी कॉलरबरोबर सरकते. पक्की कड स्वच्छ कापल्यासारखी पडते. सरकत्या कडेजवळ पाणी अनेकदा विरळ होतं, किंवा एखादी जाड धार सुटून फरशीवर जाते. फवारा सुरू असताना पंख्याच्या दोन्ही टोकांकडे नीट बघितलंत तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. म्हणून आधी नोझल ज्यावर बसलंय तो दांडा फिरवून पक्की कड भिंतीच्या किंवा वाटेच्या रेषेवर आणायची आणि मग कॉलरने दुसरी कड लावायची. उलट क्रमाने केलं तर दोन्ही कडा बिघडतात.

याचा अर्थ ॲडजस्टेबल नोझल वाईट असा नाही. 75 अंशांचा तिरपा कोपरा, गोलाई घेत गेलेली वाट, झाडाच्या आळ्याला वळसा, अशा जागी दुसरं काहीच तितकं चपखल बसत नाही. तिथे ते जरूर वापरावं. पण सरळ चौकोनी लॉनच्या चार कोपऱ्यांवर 90 चं आणि कडांवर 180 चं पक्कं नोझल जास्त एकसारखं पाणी देतं, आणि गवत कापताना कुणाचा पाय लागून त्याचा कोनही हलत नाही.

‘स्क्रू कसा, तेवढीच पाण्याची बचत’

मेसेजमधला सगळ्यात फसवा सल्ला हा आहे.

मधला स्क्रू फटीच्या आधीची वाट अडवतो. त्यामुळे फटीपाशी दाब कमी पोचतो, पाण्याचा वेग घटतो आणि फवारा जवळ पडतो. मिनिटाला पडणारं पाणी कमी होतं, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण फटीतून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाब निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, ते साधारण 70 टक्के उरतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ मात्र त्रिज्येच्या वर्गाने घटतं.

आकडे घालून बघा. 15 फुटी नोझलला 30 पीएसआयऐवजी 15 मिळाला तर फवारा साधारण 11 फुटांवर येतो आणि पाणी 14 लिटरवरून 10 लिटरच्या जवळ. 15-15 फुटांवर चौकोनात बसवलेल्या नोझलांचा जमिनीवर पडणारा पाऊस तासाला सुमारे 40 मिलिमीटर असतो. 11 फुटांवर आणून 11-11 फुटांवर बसवले तर तो 52 मिलिमीटरवर जातो. पाणी कमी झालं, पण जमीन त्याहून जास्त कमी झाली, म्हणून दर चौरस फुटाला पाणी वाढलं. त्याच व्हॉल्व्हवर, म्हणजे एकत्र सुरू-बंद होणाऱ्या गटात, स्क्रू न कसलेली नोझल असतील तर त्यांच्याखालच्या गवताला 40 आणि याच्याखाली 52. टायमर दोघांना एकच मिनिटं देतो.

नोझल 15 फुटांवरच ठेवली आणि नुसते स्क्रू कसले तर वेगळीच गत होते. फवारे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि मधल्या भागात कोरडा पट्टा राहतो.

स्क्रू आहे तो बारीक जुळवणीसाठी. उत्पादक साधारण 25 टक्क्यांपर्यंत त्रिज्या कमी करायला परवानगी देतात. त्यापलीकडे पंख्याची सलग चादर तुटून वेगळ्या धारा होतात आणि दोन धारांमधलं गवत उपाशी राहतं. 10 फूटच हवे असतील तर सरळ 10 फुटी नोझल लावावं. त्याचं वर्तुळ 15 फुटीच्या 44 टक्के असतं आणि पाणी मिनिटाला साधारण 6 लिटर, म्हणजे जवळपास त्याच प्रमाणात घटलेलं. त्याची फट लहान जमिनीचा हिशेब धरूनच बनवलेली असते. ही वाटणी नोझलने स्वतःच सांभाळावी यावर डिझायनरांनी बरंच डोकं खपवलंय. बारीक धारा फिरवत फेकणाऱ्या रोटरी नोझलमध्ये कोन आणि त्रिज्या बदलूनही पाण्याचं प्रमाण बरंचसं टिकतं. त्यांचा पाऊस तासाला 10 मिलिमीटरच्या आसपास असतो. चिकणमाती तासाला पाच-सहा मिलिमीटरपलीकडे फारसं पाणी पीत नाही. तिथे 40 मिलिमीटरचा स्प्रे सलग चालवला की पाणी वाटेवर वाहून जातं, म्हणून तो थोडा थोडा वेळ, मध्ये थांबत चालवावा लागतो. रोटरी नोझल आणि साधी स्प्रे नोझल एका व्हॉल्व्हवर एकत्र करायची नाहीत, हेही ओघाने आलं.

‘पोचत नसेल तर प्रेशर वाढवा’

सेकंदाला 20 मीटर वेगाने, 30 अंशांच्या चढाने निघालेलं पाणी हवा नसती तर साधारण 36 मीटरवर जाऊन पडलं असतं. प्रत्यक्षात ते साडेचार मीटरवर पडतं. एवढी तफावत हवेच्या अडथळ्यामुळे पडते, आणि तो अडथळा थेंब जितका बारीक तितका भारी पडतो. दाब वाढवला की वेग वाढतो खरा, पण पाणी आणखी बारीक फुटतं. एका मर्यादेनंतर थेंबांचं धुकं होतं, ते लांब जातच नाही, वाऱ्याबरोबर भरकटतं.

30 चा दाब 60 वर नेला तर मिनिटाचे 14 लिटर जवळजवळ 20 होतात. हे जास्तीचं पाणी फवाऱ्याची त्रिज्या त्या मानाने वाढवत नाही. सकाळी स्प्रिंकलरवर पांढरं धुकं तरंगताना दिसलं तर दाब जास्त आहे असं समजावं. त्यावर उपाय आहे: दाब 30 पीएसआयवर बांधून ठेवणारा रेग्युलेटर असलेले पॉप-अप, म्हणजे पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर. फवारा पोचत नसेल तर कारण बहुधा वेगळं सापडतं. एका व्हॉल्व्हवर गरजेपेक्षा जास्त नोझल, बारीक पाइप, गळका सांधा किंवा अर्धी तुंबलेली जाळी.

‘जाळी काढून टाका’

नका काढू. फट अर्ध्या मिलिमीटरची आहे. एक वाळूचा कण अडकला की फवाऱ्याच्या पंख्यात खिंडार पडतं आणि तेवढ्या दिशेला पाणी बंद. स्वच्छ जाळी नगण्य दाब खाते. तुंबलेली खाते, आणि ती धुवायला दोन मिनिटं लागतात.

‘फवारे एकमेकांवर पडले की पाणी वाया’

एकट्या फवाऱ्याचं पाणी वर्तुळभर सारखं पडत नाही. नोझलकडून बाहेर जाताना ते कमी होत जातं आणि शेवटच्या दोन-तीन फुटांत तर जेमतेम शिंतोडे असतात. म्हणून एका नोझलचा फवारा पुढच्या नोझलच्या बुडापर्यंत पोचला पाहिजे. याचं जिथे कमी पडतं तिथे त्याचं जास्त पडतं आणि बेरीज सारखी होते. वर सांगितलेले तासाला 40 मिलिमीटरसुद्धा असे एकमेकांवर पडणारे फवारे धरूनच आहेत. एकटं नोझल आपल्या वर्तुळावर सरासरी 13 मिलिमीटरच टाकतं. फवारे नुसते कडेला कड लावून बसवले की दोन वर्तुळांच्या मध्ये हमखास पिवळे डाग उमटतात. ओव्हरलॅप टाळून कमी नोझलांत भागवलं असं वाटतं, आणि मग ते डाग हिरवे ठेवायला सगळ्या लॉनवर दुप्पट वेळ पाणी सोडावं लागतं.

आपल्या लॉनवर वाटणी कशी होते हे बघायचं असेल तर सरळ कडांचे, एकाच मापाचे डबे लॉनवर सारख्या अंतराने मांडा, वारा पडलेला असताना ठराविक मिनिटं फवारा चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. सगळ्यात कमी पाणी असलेल्या एक चतुर्थांश डब्यांची सरासरी काढून तिला सगळ्या डब्यांच्या सरासरीने भागा. उत्तर 1 च्या जितकं जवळ, तितकी वाटणी चांगली. ते अर्ध्याच्या आसपास आलं तर आधी डबे कुठे रिकामे राहिले ते बघा आणि तिथलं नोझल, कोन, स्क्रू आणि जाळी तपासा. टायमरची मिनिटं त्यानंतर ठरवा.