बसलेले फाउंडेशन काचेच्या गोंदाने उठत नाही

जुन्या पोर्शे ९४४ चे बसलेले इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते रबरी आधार, आपल्या मिस्त्र्यांच्या भाषेतले फाउंडेशन, बदलण्याची गरजच नाही, असे सांगणारा एक मराठी मजकूर सध्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. जर्मनीत नोकरीला असलेल्या आणि तिथे हौसेने अशी गाडी घेतलेल्या माझ्या भाच्याने तो वाचून पुढची काच चिकटवण्याच्या पॉलियुरेथेन गोंदाच्या नळ्या मागवूनही टाकल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: माउंट गाडीतच असताना त्याला भोक पाडावे, आतला द्रव काढून गोंद भरावा, सकाळपर्यंत तो नव्यासारखा होतो, इंजिन उचलायचेच झाले तर ऑइल चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावावा, मोठे चार सिलिंडरचे इंजिन थरथरणारच, तेव्हा फार शोध घेऊ नये, आणि कायमचा इलाज हवा असेल तर ॲल्युमिनियमचे भरीव माउंट बसवावेत.

गोंदाचा सल्ला सर्वांत बेजबाबदार आहे, म्हणून आधी तोच घेतो. ९४४ चे मूळ माउंट हे नुसते रबराचे ठोकळे नाहीत. त्यांच्या आत द्रवाचे कप्पे असतात, आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटेतून द्रव इकडून तिकडे ढकलला जाताना इंजिनाचे हेलकावे जिरतात. वजन तोलण्याचे काम मात्र मुख्यतः रबराचे असते. वर्षानुवर्षांच्या भाराने आणि शेजारून जाणाऱ्या एक्झॉस्टच्या उष्णतेने ते रबर दमते, चिरते, मग द्रव गळतो आणि इंजिन खाली बसते. अशा माउंटमध्ये, इंजिनाचा भार त्यावर असतानाच, गोंद भरला तर इंजिन वर येणार कसे? ते ज्या चुकीच्या उंचीवर टेकले आहे, त्याच उंचीवर पक्के होईल. या गाडीचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे आणि इंजिनाशी तो एका ताठ नळीने जोडलेला आहे. त्यामुळे पुढचे टोक बसले की ती सगळी जोडणीच कलते, आणि इंजिनाचा खालचा भाग क्रॉसमेंबरला, म्हणजे त्याखालच्या सांगाड्याच्या आडव्या तुळईला, टेकू लागला की माउंट असून नसल्यासारखेच. ही तक्रार गोंदाने दूर होत नाही, उलट ती कायम होते.

सकाळपर्यंत घट्ट होण्याची गोष्ट तर मजकूर लिहिणाऱ्याने गोंदाचे तांत्रिक पत्रक उघडूनही पाहिलेले नाही, याचा पुरावाच आहे. नळीतून मिळणारे हे एकघटकी पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणामुळे बाहेरून आत घट्ट होत जाते. कोणत्याही नामांकित उत्पादकाचे पत्रक घ्या. पहिल्या २४ तासांत साधारण ३ ते ४ मिलिमीटर एवढाच आकडा तिथे सापडेल, आणि वरचा थर जाड होत जातो तसा वेग आणखी मंदावतो. काचेच्या कडेने ओढलेल्या पातळ पट्टीला एवढे पुरते. धातूच्या कवचात कोंडलेल्या गोळ्यापर्यंत एका बारीक भोकातून दमट हवा पोचणार किती? शिवाय पत्रकातच स्वच्छ, कोरडा आणि तेलकटपणा नसलेला पृष्ठभाग मागितलेला असतो. ज्या कप्प्यातून आत्ताच द्रव काढला, तिथे तो कुठून आणायचा, हे मजकुरात नाही.

या युक्तीत अजिबात तथ्य नाही असेही म्हणता येत नाही. काही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या माउंटमध्ये रबराच्या पाकळ्यांभोवती उघड्या फटी असतात. रबर धड असेल तर तो माउंट बाहेर काढून, साफ करून, फटी भरल्यावर तो कडक होतो आणि काही काळ चालतोही. पण ती वेगळी वस्तू आहे.

जॅकचा सल्ला हाडे मोडणारा आहे. ९४४ चे ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचे ओतीव आहे. त्याच्या एका बिंदूवर इंजिन तोलले तर ते तडकू शकते, आणि जॅक सरकला तर खाली आडवा झालेला माणूस सापडतो. गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी आणि इंजिन वरून, दोन्ही फेंडरच्या कडांवर टेकणाऱ्या आडव्या सपोर्ट बारने पेलावे. असा बार भाड्यानेही मिळतो.

मोठे इंजिन थरथरणारच, हे या गाडीबाबत तरी खोटे आहे. तिच्या २.५ लिटर इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरून थरथर मारणारे दोन बॅलन्स शाफ्ट आहेत, आणि त्यांसाठी पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेतला होता. मात्र कंपनाचे कारण दर वेळी माउंटच असते असेही नाही. या शाफ्टचा दातेरी पट्टा बदलताना एखादा दात चुकला असेल, तर वेग वाढेल तशी गुणगुण वाढते. माउंट गेलेला असेल तर गाडी जागेवर सुरू असतानाच स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतात. पैसे खर्च करण्यापूर्वी हा फरक पाहावा.

भरीव ॲल्युमिनियम शर्यतीच्या गाडीत शोभते. रोजच्या गाडीत ते सगळी कंपने थेट सांगाड्यात पोचवते.

पोर्शेचे मूळ माउंट महाग आहेत, ही तक्रार खरी आहे. पण बचत करायची ती भागाच्या निवडीत आणि मजुरीत. पर्यायी उत्पादकांचे नवे माउंट मूळ भागापेक्षा बरेच स्वस्त पडतात. भंगारातून तितक्याच वयाचे काढलेले माउंट मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. ऑइल चेंबरचे गॅस्केट गळत असेल तर दोन्ही कामे एकाच वेळी काढावीत, कारण इंजिन पेलण्याची खटपट दोन्हीकडे तीच आहे. दोन्ही माउंट जोडीने बदलावेत, इंजिन उचलताना रेडिएटरचे पाइप आणि अर्थिंगची तार ताणली जात नाही ना हे पाहत राहावे, आणि एक्झॉस्टच्या बाजूचा उष्णता अडवणारा पत्रा काढला असेल तर तो परत लावावा, नाहीतर नवा माउंटही लवकरच भाजून निघेल.