उडवायचा स्लॉट कवा मिळणार ते सांगा, वयाचं आम्ही बघतो

आधीच सांगून टाकते, मी ३८ वर्षांची आहे, लातूरला नीटच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे, आता कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग करायलेय, अन् ज्यांना ह्याच्यावर "ह्या वयात?" म्हणायचंय त्यांनी इथूनच मागं फिरावं कारण आज डोकं लई फिरलंय.

"ह्या वयात" हे ऐकून ऐकून कान किटलेत. मामी म्हणाल्या, अगं लेकरू पुढच्या वर्षी दहावीला जाईल अन् तू इमान चालवायलीस व्हय? शेजारच्या काकूंना वाटलं मी एअर होस्टेसचा कोर्स करायलेय, त्यावरही त्यांचं म्हणणं होतंच. बँकेत एज्युकेशन लोनला गेले तर साहेब फॉर्म न बघताच म्हणाले, मॅडम मुलाचं ॲडमिशन कुठं झालंय? म्हणलं ॲडमिशन माझंय. त्यांनी पेन खाली ठेवलं अन् आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, म्हणजे मी खोटं बोलायलेय अन् नवरा आता खरं काय ते सांगणार. साडेसात लाखाच्या वर तारण लागतं, अन् ह्या ट्रेनिंगला पन्नास लाखाच्या आसपास कुठंही जातात, मग अंबाजोगाई रोडचा प्लॉट गहाण टाकला. तो प्लॉट मी क्लास घेऊन घेऊन घेतलेला आहे, माहेरचा नाही अन् सासरचाही नाही, त्यामुळं त्यावर कुणी तोंड उघडू नये.

आता नियम काय म्हणतो ते ऐका. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसनला, वय १८ पूर्ण पाहिजे, बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजे, क्लास १ मेडिकल पाहिजे. शिकायला वरची मर्यादाच नाही. एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडवता येतं. म्हणजे माझ्याकडं अजून सत्तावीस वर्षं आहेत, बहुतेक लोकांची अख्खी नोकरी एवढी नसते. मेडिकल झालं, डोळे कान हार्ट सगळं ओके. लग्नाआधीचं नाव बारावीच्या मार्कलिस्टवर अन् नंतरचं आधारवर, त्या दोघींना एकच बाई सिद्ध करायला किती ॲफिडेव्हिट लागले ते सांगत बसत नाही, तो वेगळाच तमाशा आहे. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामानशास्त्र, रेग्युलेशन, टेक्निकल, सगळ्या पेपरला ७० टक्के लागतात, निघाले. १९ वर्षांची पोरं माझ्याकडून मेट समजून घ्यायलीत, मी त्यांना बाष्प अन् दवबिंदू शिकवायलेय, फुकट. म्हणजे वय कुठं आडवं आलं?

आडवा आलाय तो स्लॉट, म्हणजे इमान उडवायची ठरवून दिलेली पाळी.

लायसनला २०० तास उडवावं लागतं, त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे इमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. रोज एक-दीड तास जरी मिळालं तरी हे वर्षाच्या आत उरकणारं काम आहे, अन् ॲडमिशनच्या वेळी फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसातल्या मॅडम हेच गोड गोड सांगतात. हँगर दाखवतात, सेसना १७२ ओळीनं उभ्या, आपण फोटो काढतो. त्यातल्या किती उडतात हे तेव्हा कुणी सांगत नाही. एकीचा प्रोपेलर काढून ठेवलेला, एक पार्टची वाट बघत ताडपत्रीखाली, एक शंभर तासाच्या इन्स्पेक्शनला गेली की तिकडंच राहिली. राहिलेल्या दोन-तीन इमानांवर सगळी बॅच, अन् ह्या बॅचचं उरकायच्या आत पुढच्या बॅचचं ॲडमिशन चालू, कारण पैसा तर तिथंच आहे ना, उडवण्यात कुठंय, इमान उडालं की पेट्रोल जळतं, पोरगं हॉस्टेलवर बसलं की काहीच जळत नाही.

अन् कारणं तर काय विचारता. आज व्हिजिबिलिटी नाही. आज इन्स्ट्रक्टर सुट्टीवर. आज रनवेचं काम. आज पेट्रोलचा टँकर आला नाही. मी काही येडी नाही, खऱ्या कारणाला मी कधीच भांडले नाही. पावसाळ्यात ढग खाली असले, पाच किलोमीटरचं दिसत नसलं तर नाही उडायचं, बरोबर आहे. मे महिन्यात दुपारी हवा तापून विरळ होते, लिफ्ट कमी, इंजिनचा जोर कमी, धावपट्टी जास्त लागते, वर गेलं की बैलगाडीसारखे हादरे, मान्य, अरे मीच शिकवते हे. पण नोव्हेंबरचं स्वच्छ निळं आभाळ, वाऱ्याची झुळूक नाही, अन् बोर्डावर माझ्या नावासमोर "मेंटेनन्स"? आख्खा आठवडा?

इन्स्ट्रक्टरचं अजून वेगळंच. बिचारी पोरंच आहेत ती पण, शिकवून शिकवून स्वतःचे तास भरायलेत, एअरलाइनचा कॉल आला की दुसऱ्या दिवशी गायब. त्यांच्यावर राग नाही. पण नवीन येतो तो म्हणतो, मॅडम आपण सुरुवातीपासून एकदा बघून घेऊ. घ्या बघून, बिल माझ्या नावावर. बरं, गॅप पडला की हात जातो, मग सोलो, म्हणजे एकटीला उडवायला, द्यायच्या आधी परत चेक फ्लाइट, ती पण माझ्याच पैशानं. गॅप कुणी पाडला? तुम्ही. पैसे कुणाचे? माझे. ह्याला आमच्याकडं काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही.

अजून ऐका. सीपीएलचा अर्ज करताना शेवटच्या सहा महिन्यांत १५ तास पायलट इन कमांड म्हणून झालेले पाहिजेत. म्हणजे समजा तास भरत आले अन् मधी इमानं बंद पडली, तर जुने तास आहेत पण ताजे नाहीत, परत उडवा, परत पैसे भरा. क्लास १ मेडिकल वर्षानं संपतं, परत मुंबई गाठा, परत तेच ईसीजी, परत तीच रक्ताची बाटली. सगळ्या कागदांना मुदत आहे, मुदत फक्त ह्यांच्या शेड्यूलला नाही.

अन् असं नाही की हे माझ्या एकटीच्या नशिबात आलंय. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच देशातल्या फ्लाइंग स्कूलची रँकिंग काढली. इमानांमागं किती विद्यार्थी, २०० तास भरायला किती वेळ लावता, असलंच सगळं बघून. तेव्हा ए प्लसमध्ये एकही स्कूल नव्हतं. ए मध्येही एकही नव्हतं. सगळी बी अन् सी मध्ये! आमच्या क्लासला असा रिझल्ट लागला असता तर पालकांनी दुसऱ्या दिवशी शटर खाली ओढलं असतं, लातूरचे पालक आहेत ते. इथं मात्र रँकिंग लागल्यावर काय झालं? तर नवीन बॅचचं बॅनर लागलं.

बॅनरवरून आठवलं. भारतात पायलटमध्ये बायका १५ टक्क्यांच्या आसपास आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट, हे भाषणात सगळेच सांगतात. ८ मार्चला आमच्या स्कूलनं पण माझा फोटो लावला गेटवर, युनिफॉर्म, गॉगल, वर लिहिलेलं "स्वप्नांना वय नसतं". त्याच आठवड्यात शेड्यूलिंगवाला पोरगा मला म्हणतो, मॅडम तुम्हाला काय एवढी घाई, तुमचं घर तर चाललंय की, ह्या पोरांना जाऊ द्या आधी. म्हणजे फोटोला मी चालते, इमानाला नाही. अरे घाई मलाच आहे ना बाबा! १९ वर्षांच्या पोराची दोन वर्षं गेली तर तो २१ चा होईल, एअरलाइन त्याला आनंदानं घेईल. माझी दोन गेली तर मी चाळिशीला, मग इंटरव्ह्यूला समोरचा माणूस म्हणणार "ह्या वयात?", अन् ती दोन वर्षं खाल्ली कुणी हे काही तो विचारणार नाही.

पोरांचंही काही बरं चाललंय असं नाही हां. किनवटकडचा एक आहे, बापानं जमीन विकलीय, तो घरी फोनवर रोज सांगतो आज उडवलं म्हणून. बिचारा खोलीत बसून यूट्यूबवर लँडिंग बघतो.

जे कुणी ॲडमिशन घ्यायला निघालेत त्यांना सांगते, हँगरमध्ये फोटो काढू नका, मागच्या महिन्यात कोणतं इमान किती तास उडालं ते लॉगबुक मागा, नाही दाखवलं तर बाहेर पडा. जुन्या बॅचच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा, ऑफिससमोर ती बोलणार नाहीत. अन् पैसे एकरकमी अजिबात भरू नका, डिस्काउंट दिला तरी नाही, तासाप्रमाणं भरा. एकरकमी भरलेला माणूस त्यांच्या लेखी संपलेला असतो.

मी सध्या परत लातूरला येऊन क्रॅश कोर्सच्या बॅचेस घ्यायलेय, कारण बँकेचा हप्ता स्लॉट विचारून येत नाही. परवा रात्री अकराला स्कूलवाल्यांचा मेसेज, उद्या पहाटे साडेपाचला रिपोर्टिंग. लातूरहून तिथं पोचायला रात्रभर गाडी लागते हे त्यांना माहितीय, फॉर्मवर पत्ता आहे. कशी पोचणार? फोन केला तर उचलला नाही. अन् दुसऱ्या दिवशी माझ्या रेकॉर्डवर काय लागलं असेल? "स्टुडंट नॉट अव्हेलेबल". म्हणजे उद्या कुणी चौकशी केलीच तर उशीर झाला तो माझ्यामुळं, सही-शिक्क्यासकट.