रबराचं काम निघालंय

आमची गाडी २००९ची. छोटी पेट्रोल हॅचबॅक, चार जण नीट बसतात, पाचवा आला की पाचही जण तिरके बसतात. कंपनी कुठली ते सांगत नाही, ज्यांच्याकडे आहे ते आवाजावरून ओळखतीलच. किलोमीटरचा काटा दोन लाखांच्या पुढे गेलाय आणि सोसायटीत आम्हाला जी काही किंमत होती ती साधारण दीड लाखाच्या आसपास संपली. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की आधी "आई कशा आहेत?" विचारतात आणि मग त्याच हळव्या आवाजात "आणि गाडी?"

दोघीही मजेत आहेत हो.

गाडीचं म्हणाल तर इंजिनला आजवर पाना लागलेला नाही. लोकांना वाटतं दोन लाख रनिंग म्हणजे पिस्टन, रिंगा, मागून निळा धूर. तसलं काही नाही. ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले, गाडी तापू दिली नाही, की ही लहान पेट्रोल इंजिनं निवांत चालतात, त्यांना आपल्याकडून फार अपेक्षाच नसतात. गाडी म्हातारी होते ती रबराने. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. इंजिन ज्याच्यावर बसलंय ते माउंटिंग रबराचं, चाकाला गाडीशी धरून ठेवणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म, त्याच्या सांध्यातले बुश रबराचे, रेडिएटरचे पाइप रबराचे, इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग रबराचं, चाक फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या सांध्यावरची टोपी, म्हणजे बूट, तेही रबराचं, दरवाज्याच्या कडेचं बिडिंग, वायपर, फॅनबेल्ट, सगळं रबर. पंधरा-सोळा वर्षं ऊन, पाऊस, ऑइल आणि पुण्याचे स्पीडब्रेकर खाल्ले की रबर आधी कडक होतं, मग चिरतं आणि मग बोलायला लागतं. बरं हे तुकडे काही शे रुपयांचे असतात, पण ते जिथे बसवलेत तिथे हात पोचायला अर्धी गाडी उतरवावी लागते, त्यामुळे बिलात पार्ट एका ओळीत आणि मजुरी बाकीच्या ओळींत.

आता तर मला आवाजावरून पार्ट कळतो. बारीक खड्ड्यात कटकट म्हणजे लिंक रॉड, सस्पेन्शनमधली बारकी दांडी. स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना कट कट कट असं मोजून वाजलं की अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट, म्हणजे त्याचं बूट फाटून ग्रीस कधीच उडून गेलंय. पावसाळ्यात सकाळी पहिल्या स्टार्टला चीईई, तो बेल्ट. हूंऽऽ असा आवाज स्पीडबरोबर चढत गेला आणि वळणावर कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग. आणि सिग्नलला एसी लावून उभं राहिल्यावर डॅशबोर्डवरचा गणपती थरथरायला लागला तर माउंटिंग. नवऱ्याची पद्धत वेगळी आहे, तो आवाज आला की रेडिओ मोठा करतो.

अर्थात गॅरेजच्या दारात गेल्याबरोबर गाडी एकदम गप्प होते. रस्ताभर किरकिर आणि मिस्त्रीमामांना बघितलं की सोन्यासारखी. मग मामा म्हणतात, "चला, एक राउंड मारू," आणि इथे खरी गंमत सुरू होते. गाडी रोज चालवते मी, कर्वेनगर ते खराडी, म्हणजे पुण्यातलं एक टोक ते दुसरं टोक. नवरा ऑफिसला मेट्रोने जातो, गाडीशी त्याचा संबंध रविवारी डिकीत भाजी ठेवण्यापुरता. पण मामा किल्ली माझ्या हातातून घेतात आणि नवऱ्याला म्हणतात, "साहेब, बसा पुढं." मी मागे. दोघं पुढे तोंड गंभीर करून ऐकतायत.

"साहेब, रबराचं काम निघालंय."

"हं, मला वाटलंच," हा म्हणतो. ह्याला काय वाटलं असेल ते मला माहीत आहे, ह्याला वाटलं की टायर.

मागून मी म्हटलं, "मामा, डावीकडचा लिंक रॉड गेलाय आणि त्याच बाजूच्या लोअर आर्मचा मागचा बुश बघा, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढतेय." मामा दोन सेकंद गप्प. मग आरशातून माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाले, "ताईंना कळतं की हो." गाडी रॅम्पवर चढवली, बघितलं, तेच निघालं. तेव्हापासून फरक एवढाच पडलाय की मामा सांगतात अजूनही नवऱ्यालाच, पण बिल निदान मला देतात.

पार्ट आणायला मात्र मी स्वतः नाना पेठेत जाते, हा कार्यक्रम मला आवडतो. काउंटरवर गर्दी, प्रत्येकाच्या हातात एक काळा, तेलकट, काय आहे ते न कळणारा तुकडा. "जुना पीस आणलाय?" हा पहिला प्रश्न, कारण एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये टाइप वन आणि टाइप टू निघतात आणि दोन्ही बुश डोळ्यांना सारखेच दिसतात. मी डब्याच्या पिशवीतून आमचा बुश काढून ठेवला. एकेकाळी तो दंडगोल होता. आता मधली लोखंडी नळी एका बाजूला कलंडलेली, रबराला आरपार भेग, नखाने दाबलं तर काळा भुगा हाताला. काउंटरवरच्या काकांनी तो उचलून उजेडात धरला आणि इतक्या प्रेमाने म्हणाले, "पुष्कळ चालवलाय." कौतुक होतं का टोमणा, पुण्यात हे विचारायचं नसतं.

मग, "ओरिजिनल देऊ, का लोकल?" ह्यावर माझं मत ठाम आहे. काच, आरसा, हँडल, मडगार्डचं प्लास्टिक, हे लोकल घ्या, जुन्या बाजारातून घ्या, रंग जुळला नाही तरी चालतं. रबर मात्र ओरिजिनल, नाहीतर गाडीच्या कंपनीला जो पार्ट पुरवतो त्याच्याच नावाच्या खोक्यातलं, आत माल बऱ्याचदा तोच असतो आणि खोक्याचे पैसे वाचतात. लोकल बुश एक पावसाळा काढतो, मग परत तीच मजुरी, तेच "साहेब, बसा पुढं."

खंबाटकी घाटाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. मे महिना, कोल्हापूरला लग्न, गाडीत आम्ही दोघं, मुलगा आणि मागे पैठणी नेसलेल्या सासूबाई. घाट अर्धा चढलो आणि टेंपरेचरचा काटा, जो एरवी मधल्या रेघेच्या खाली झोपलेला असतो, तो उठला. आता अशा वेळी एक गोष्ट करायची असते ती कुणालाच पटत नाही. एसी बंद करायचा आणि हिटर फुल लावायचा, पंखा शेवटच्या नंबरवर. हिटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनचंच गरम पाणी त्यातून फिरतं, त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता गाडीच्या आत खेचता येते आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ निघतो. शास्त्र अगदी बरोबर आहे. पण मे महिन्यात खंबाटकीत पैठणीतल्या बाईच्या तोंडावर गरम हवा सोडताना शास्त्र कामाला येत नाही.

"अगं, हे गरम येतंय!"

"आई, गाडीला ताप आलाय. तिचा थोडा आपण वाटून घ्यायचा."

"मला नकोय वाटा."

नवरा लग्नपत्रिकेने सगळ्यांना आळीपाळीने वारा घालत होता. वळणापलीकडे रुंद जागा दिसली तिथे गाडी घेतली, बॉनेट उघडलं, आणि लगेच रेडिएटरच्या झाकणाकडे गेलेला नवऱ्याचा हात पकडला, कारण गरम गाडीचं ते झाकण उघडलं तर उकळतं पाणी प्रेशरने तोंडावर येतं. अर्धा तास थांबलो. दोष निघाला वरच्या पाइपमध्ये, क्लिपच्या अगदी शेजारी चीर, बघायला गेलं तर नखाएवढी. शेजारी उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्या दादांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यावर घट्ट आवळून बांधली, म्हणजे रबराने घात केला आणि रबरानेच सातारा दाखवला. तिथे गॅरेजात नवीन पाइप टाकला आणि रेडिएटरमध्ये भरलेलं पिण्याचं पाणी काढून कूलंट घातलं, कारण साध्या पाण्याने आतून गंज धरतो. लग्न लागून गेलं होतं. जेवण मिळालं.

कागदपत्रांचं प्रकरण मात्र मला वाटलं होतं तेवढं भयंकर निघालं नाही. पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते, पुढे पाच-पाच वर्षांनी. २०२२च्या एप्रिलपर्यंत ह्याची फी ६०० रुपये होती, आता ५००० आहे, वर पर्यावरण कर. गाडी आरटीओत न्यावी लागते, आणि चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो. तो नंबर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर, पंधरा वर्षांच्या तेलकट धुळीखाली. पेट्रोलच्या फडक्याने पुसून पुसून नंबर वर आला तेव्हा खालचा मूळ रंग दिसला आणि आम्हाला सगळ्यांना आठवलं की आपली गाडी लाल होती. पीयूसी दर सहा महिन्यांनी, कारण गाडी बीएस थ्री, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली, पुण्या-मुंबईत बीएस फोर २०१०च्या एप्रिलमध्ये आलं, त्या गाड्यांना वर्षाचं मिळतं. चार-पाच महिने उशिरा घेतली असती तर बरं झालं असतं असं नवरा दर सहा महिन्यांनी म्हणतो. मग ती नवी नंबरप्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी. सध्या गाडीवर चमकणारी वस्तू तेवढी एकच.

आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. सांगलीचे काका ऊसवाले, ते खूश, "तुमची गाडी आमच्याच जिवावर चालतीय" असं फोनवर ऐकवतात. मामांचं म्हणणं, जुन्या गाडीत पेट्रोल लाइनच्या नळ्या आणि पॅकिंगवर लक्ष ठेवा, ह्या पेट्रोलने ती लवकर खराब होतात. म्हणजे परत रबरच.

विकायचा विचार झाला होता. नवऱ्याचाच हट्ट, "आता काढून टाकू." एक मुलगा बघायला आला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र वगैरे घेऊन, गाडीला एक चक्कर मारली, काटा बघितला, परत काटा बघितला, आणि पंचवीस हजार म्हणाला. मी विचार करत होते, तेवढ्यात नवरा लाल. "पंचवीस? अहो टायर नवे आहेत! बॅटरी वॉरंटीत आहे! डावीकडचे सगळे बुश ओरिजिनल टाकलेत!" बुश हा शब्द ह्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मुलगा गेल्यावर हा बादली घेऊन खाली गेला आणि स्वतः गाडी धुतली.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरलाच मुंज आहे. सगळे पाइप बदललेत, बेल्ट नवीन, कूलंट फुल, थर्मोस्टॅटसुद्धा तपासून घेतलाय. सासूबाईंना हे सगळं मी पार्टच्या नावानिशी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पर्समधून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पंचाहत्तरी झालेल्यांना २०२२पासून एसटी फुकट आहे.

"स्वारगेटला तेवढं सोड," म्हणाल्या. "आणि रिक्षाने."