4.4 तारे आणि चिकटलेलं घावन

सकाळपासून पाच घावनं घातली, पाचही खरवडून काढली. सहावं घालायच्या आधी गॅस बंद केला आणि मुलाला म्हटलं, ब्रेड खा. कोकणातल्या माहेरची मी, आणि माझ्या घरात रविवारी ब्रेड! तवा बिडाचा, 'आधीच सीझन केलेला', किंमत 1,149 रुपये, तारे 4.4, आणि ते देणारे 12 हजारांवर लोक. या 12 हजारांतल्या एकाने तरी त्यावर काही भाजलंय का, एवढंच मला विचारायचंय.

पिठाच्या हातानेच मोबाईल घेतला आणि ओट्याला टेकून सगळे अभिप्राय पुन्हा वाचले. पहिलाच, पाच तारे: 'पॅकिंग छान. अजून वापरला नाही.' अजून वापरला नाही! मग तारे कशाला दिलेस बाबा, खोक्याला? दुसरा म्हणतो, वेळेआधी घरपोच आला. तिसऱ्याने सासूबाईंना भेट दिलाय, त्या खूश आहेत. (सासूबाई आहेत त्या, तोंडावर काय म्हणणार?) चौथीने फोटो टाकलाय, बबलरॅपमध्ये गुंडाळलेल्या तव्याचा. त्याखाली '214 जणांना हे उपयुक्त वाटलं'. बबलरॅप बघून काय उपयोग झाला हो 214 जणांना? फोडत बसले?

खाली खाली गेलं की एक तारेवाले भेटतात. 'मधे फुगीर आहे, पीठ कडेला पळतं.' 'शेगडीवर डुगडुगतो.' 'कांदा फिरवला, तेल मुरवलं, आठ दिवस झाले, चिकटतोच.' अक्षर न् अक्षर खरं. आणि हे मी घेण्याआधीही वाचलं होतं! वाचून काय म्हणाले? 'यांना बिडाचं काही कळत नाही, शहरातली माणसं.' मी स्वतः डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते.

दुपारी रागाने झोप लागेना म्हणून वाचत पडले. 2013 चा एक प्रयोग आहे. एका बातम्यांच्या साईटवर कॉमेंट आली रे आली की संशोधक काहींना आपल्याकडून एक खोटं 'आवडलं' चिकटवायचे. शेवटी त्या कॉमेंटांचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त भरले. एका खोट्या मताने! उलट खोटं 'नावडलं' चिकटवलं की लोक येऊन ते भरून काढायचे. म्हणजे कौतुक आपण तसंच गिळतो आणि तक्रार करणाऱ्याला समजवायला जातो. डोंबिवलीतही तसंच चालतं, माझ्यावर प्रयोग करायची गरज नाही.

सरकारने 2022 च्या नोव्हेंबरात या अभिप्रायांसाठी मानकही काढलं, आयएस 19000. विकत घेतलेले अभिप्राय छापायचे नाहीत वगैरे सगळं त्यात आहे. फक्त ते ऐच्छिक ठेवलं. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या रेषाही ऐच्छिकच आहेत, रोज बघते.

सोसायटीवरून आठवलं. ते पाण्याचं फिल्टर! बी विंगमधल्या चौघांनी बसवलं म्हणून आम्ही सोळा जणांनी बसवलं. नंतर कळलं की त्या चौघांनी एकमेकांचं बघून बसवलं होतं. तो साडीवाला, 'वहिनी, सकाळपासून या रंगाच्या बारा गेल्या.' बारा गेल्या तर मला तेरावी कशाला, लग्नात गणवेश घालून उभं राहायचंय का? आणि ते 'आत्ता 37 जण हे बघत आहेत, फक्त 2 शिल्लक'. परवा रात्री दोन वाजता उठून बघितलं, तेव्हाही 37. या असल्या खोट्या घाईला 2023 च्या सरकारी नियमावलीत बंदी आहे म्हणे. त्या 37 जणांना कुणीतरी कळवा.

आजी कशी पारखून घ्यायची, असं मी लिहिणार नाही. आजी कुठे पारखायची? शेजारच्या काकूंनी घेतला म्हणूनच घ्यायची. पण काकूंच्या त्या तव्यावरचं घावन तिने खाल्लेलं असायचं. जाळी पडलेलं, पांढरंशुभ्र, नारळाच्या रसात बुडवलेलं. कुठला तवा कुणाच्या घरी कसा निघाला हे अख्ख्या वाडीला ठाऊक, आणि काकू खोटं बोलल्या तर संध्याकाळी विहिरीवर गाठ होतीच. या 12 हजारांना मी कुठल्या विहिरीवर गाठू?

मग चिडून 'नवे आधी' लावलं, म्हटलं बघू तरी आता कोण तारे उधळतंय. वरून सातवा: 'सुंदर तवा, चांगला जड आहे. वापरून सांगते.' पाच तारे. भाषा ओळखीची वाटली. वाटणारच, माझीच होती.

आता आठवलं. खोक्यात एक चकचकीत कार्ड होतं. पाच तारे द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, 100 रुपये मिळवा. तवा पुसलासुद्धा नव्हता, तारे आधी दिले. ते 100 रुपये अजून आलेले नाहीत. तवा परतही जात नाही, 'वापरलेली वस्तू आहे' म्हणे. बरोबर आहे, सगळ्या गिऱ्हाइकांत वापरलेली माझीच दिसतेय.

एवढ्यात मावशीचा फोन. मी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली होती ना, 'बघा गं, मस्त आहे' म्हणून. तिने मागवला, मामीने मागवला, मामीच्या सुनेने दोन. मावशीचा मंगळवारी येतोय.

"तू घेतलास म्हणजे बघायला नको," मावशी म्हणाली. "जाळी छान पडते ना गं?"

मी म्हटलं, "पॅकिंग फार छान आहे, मावशी."