ऑर्डर साहेबांची, पण सिरिंज कुणाच्या हातात?

परवा लातूरहून एका जुन्या विद्यार्थिनीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, हे खरंय का?" दुपारी तोच मेसेज नांदेडच्या भाचीकडून आला आणि संध्याकाळी आमच्या निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवर. मथळा होता, "नर्स भगिनींनो, घाबरू नका! कायदा तुमच्या पाठीशी आहे." खाली पाच मुद्दे. डॉक्टरांची ऑर्डर पाळली की नर्सची जबाबदारी संपते, चूक निघाली तर डॉक्टर आणि हॉस्पिटल बघून घेतील. नाइटिंगेलबाईंच्या (आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल) शपथेतच डॉक्टरांची आज्ञा पाळायला सांगितलंय. तोंडी ऑर्डर चालते, सहीसाठी अडून बसू नका. केसपेपरवर कमीत कमी लिहा, लिहिलेलं अंगावर येतं. आणि संमतीपत्र म्हणजे सही-अंगठा घेणं, बाकी नर्सने त्यात पडू नये.

मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची काही शिकवण्यात गेली. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसावं, पोरींना धीर द्यायचा असेल. पण हा धीर खोटा आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पसरलेला, म्हणून तो आधी घेते. दिल्लीतल्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा खटला नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवा. 1993 मध्ये तिथे टायफॉईडसाठी दाखल असलेल्या एका लहान मुलाला नर्सने शिरेतून इंजेक्शन दिलं. मूल तिथल्या तिथे कोसळलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली, मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख. पैसे हॉस्पिटलच्या माथी आले, म्हणजे मेसेज अर्धा खरा. उरलेलं अर्धं असं, की निवासी डॉक्टरने इंजेक्शन नर्सवर सोपवलं ही त्याची चूक धरली गेली आणि ते देणारीने कर्तव्यात कसूर केली हेही निकालात आलं. शिवाय तिची कुठल्याच राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नाही हे उघड झालं, आणि अशा बाईला नोकरीवर ठेवल्याबद्दल हॉस्पिटलला वेगळं धारेवर धरलं गेलं. नोंदणी म्हणजे मुंबईहून येणारा नुसता कागद, असं आमच्या पोरी म्हणतात. खटला उभा राहिला की पहिला तोच कागद मागतात.

हे झालं पैशांचं. फौजदारीत कुणी कुणाचं बघून घेत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कलमात डॉक्टरांना सवलत आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असं घडलं तर कैद दोन वर्षांपर्यंतच. आता "नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक" कोण, तर ज्याची पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य आहे आणि ज्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे. नर्सचं नाव तिथे नसतं, ते नर्सिंग कौन्सिलकडे असतं. म्हणजे कलमाचे शब्द धरले तर एकाच पलंगापाशी एकाच चुकीसाठी साहेबांना जास्तीत जास्त दोन वर्षं आणि सिस्टरला पाच. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये सगळ्यांना सारखीच दोन होती. हा फरक मला अन्यायाचा वाटतो, आणि त्यावर बोलायला संघटनांना भरपूर जागा आहे. पण तोवर "साहेबच आत जातील" असं पोरींना सांगणं म्हणजे त्यांना खड्ड्यात ढकलणं.

एक प्रसंग सांगते, माझ्या एका विद्यार्थिनीचा, एका खाजगी हॉस्पिटलातला. रात्री दीड वाजता तिने रक्ताचा रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला. पोटॅशियम कमी होतं. पलीकडून झोपाळू आवाज आला, "एक अँप्युल देऊन टाक." तिच्या तळहातावर केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, दहा मिलीची अँप्युल (औषधाची छोटी कुपी), वर बारीक अक्षरं, दिसायला पाण्याच्या अँप्युलसारखीच. ती तशीच शिरेत ढकलली तर हृदय बंद पडतं. तिने विचारलं, "सर, कशात टाकून देऊ आणि किती वेळात?" "अगं दे ना, ऑर्डर मी दिली ना?" तिने फोन ठेवला नाही. केसपेपरवर लिहीत लिहीत मोठ्याने वाचलं, "इंजेक्शन केसीएल, दहा मिली, थेट शिरेतून..." तेवढ्यात साहेब पूर्ण जागे झाले. "नाही नाही, पाचशेच्या सलाईनमध्ये टाक, हळूहळू जाऊ दे." दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी विषय काढला नाही, तिनेही नाही. मेसेजच्या हिशोबाने ती पोरगी उद्धट ठरते.

आता नाइटिंगेलबाई. लॅम्प लायटिंगच्या, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या शपथविधीच्या, कार्यक्रमात मेणबत्तीचं मेण बोटांवर सांडत आपण सगळ्यांनी ती शपथ म्हटली आहे. पण ती बाईंनी लिहिलेलीच नाही. 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या फॅरंड ट्रेनिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली आणि बाईंच्या नावाने दिली. बाई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या, इंग्लंडात. आणि शपथेत आहे काय? डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साथ देईन, एवढंच. आज्ञापालनाचा शब्द नाही. त्याच्या आधी येतं ते वाक्य मेसेजवाल्याने गाळलंय. कुठलंही घातक औषध मी घेणार नाही आणि जाणूनबुजून कुणाला देणार नाही. वर केसीएलचा प्रसंग सांगितला, तिथे त्या पोरीने हीच शपथ पाळली.

इथे दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर कुणीतरी मला पकडेल. आंतरराष्ट्रीय नर्स परिषदेची पहिली आचारसंहिता 1953 ची. डॉक्टरांच्या ऑर्डर समजून-उमजून आणि निष्ठेने पाळाव्यात, असं तिच्यात खरंच होतं. पण त्याच वाक्याच्या शेपटाला, अनैतिक गोष्टीत भाग घ्यायला नकार द्यावा, हेही होतं. 1973 मध्ये संहिता नव्याने लिहिली तेव्हा ते ऑर्डरचं वाक्य काढलं, आणि नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना तिच्या सेवेची गरज आहे त्यांच्याशी, असं आलं. म्हणजे पन्नासएक वर्षांपूर्वी जगाने सोडून दिलेली गोष्ट आपण मोबाईलवर फिरवतोय.

तोंडी ऑर्डरबद्दल फार लांबण लावत नाही. तोंडी ऑर्डर असते, असावी लागते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत चार वर्षांची होते. जखमी जीपमधून, ट्रॅक्टरमधून येत होते. केसपेपर संपले. सर मांडी घालून फरशीवर टाके घालत होते आणि तोंडाने सांगत होते. आमच्या इन्चार्ज सिस्टरने चिकटपट्टीचे तुकडे कापले, प्रत्येकाच्या मनगटावर चिकटवले आणि बॉलपेनने त्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन किती वाजता दिलं ते लिहिलं. भूकंपातही लिहिलं. वॉर्डात पंखा चालू, खुर्ची रिकामी, साहेब खाली कॅन्टीनला, अशा वेळी "सही नंतर करतो" याला मी तातडी म्हणत नाही. तोंडी ऑर्डर घ्या, वाचून दाखवा, वेळ टाका, साहेब आले की सही घ्या. त्यात भांडणाचं काय आहे?

चौथा मुद्दा, कमी लिहा. हा वाचून मला राग आला. कारण मी आज पेन्शन घेते ती लिहिल्यामुळे. एका रुग्णालयात (नाव नको) बाळंतपणानंतर एका बाईला रक्तस्राव सुरू झाला. मी रात्रपाळीला एकटी, वॉर्डात अठ्ठावीस पलंग आणि खाली गाद्यांवर आणखी दोघी. बाई वाचली, पण तिला रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, नातेवाइकांनी तक्रार केली आणि खातेनिहाय चौकशी लागली. डॉक्टरांचा जबाब होता, "सिस्टरने मला कळवलंच नाही." माझ्या नोंदी चौकशी अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचल्या. "2.10, पॅड पूर्ण भिजलं, गर्भाशय मऊ, चोळलं. डॉक्टरांना फोन, उचलला नाही. 2.20, पुन्हा फोन, उचलला नाही. मामाला (वॉर्डबॉयला) क्वार्टरवर पाठवलं. 2.25, नाडी 128, ऑक्सिटोसिन सलाईनमध्ये चालू. 2.40, डॉक्टर आले." अक्षर वाकडंतिकडं होतं, एका ओळीवर रक्ताचा डाग होता. पण वेळा होत्या. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, "बसा, सिस्टर." तोवर मी उभीच होते.

लिहिलेलं अंगावर येतं, हे खोटं नाही. नंतर बसून रंगवलेलं लिहिलेलं अंगावर येतं. खाडाखोड करून, पांढरा रंग लावून, ड्युटी संपवून ओव्हर देताना घाईत सहा तासांचा टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) एकाच शाईत भरलेला असेल, तर वकिलाला दुसरं काही लागत नाही. चुकलं तर एक रेघ मारा, वाचता येईल अशी, सही करा आणि पुढे योग्य ते लिहा.

औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयात 1963 मध्ये कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला आणि ती गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1996 मध्ये निकाल लागला आणि भरपाई शासनाला द्यावी लागली. दावा डॉक्टरांवर आणि शासनावर होता. पण थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी मॉप मोजून आकडा कोण सांगतं, हे सिस्टरांना मी काय सांगू! तो मोजलेला आकडाही लिहायचाच असतो.

पाचवा मुद्दा संमतीचा, आणि तो आपल्या भागात साधा नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. सरकारच्या समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांच्या फॉर्मवर अंगठा होता की नव्हता, मला माहीत नाही. पण अंगठा घेताना शेजारी कोण उभं असतं, ते माहीत आहे. एकदा तिशीच्या आतली एक बाई मला म्हणाली, "पिशवी काढायची म्हणलेत म्हणून आलोत. मुकादमाची उचल घेतलीय, पाळीत खाडा पडायलाय." मी विचारलं, पिशवी काढल्यावर काय होतं ते सांगितलं का कुणी? तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. समजावणं डॉक्टरांचं काम, खरं आहे. पण तिला काही कळलेलं नाही हे समोर दिसत असताना साक्षीदार म्हणून सही करणं, हे काम आपलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलंय की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, आणि शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणारी सज्ञान बाई भुलीखाली आहे म्हणून तिच्या आईची संमतीही चालत नाही. मी त्या दिवशी फॉर्म परत नेऊन ठेवला आणि म्हटलं, "सर, हिला तुम्ही एकदा सांगा." सर चिडले. मग सांगितलं. बाई त्या दिवशी घरी गेली, पुढे काय झालं ते कळलं नाही.

मेसेजमधलं एक मात्र मान्य. नर्स घाबरलेली आहे. सामान्य वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हे कागदावरचं प्रमाण, आणि रात्री वॉर्डात जाऊन मोजा. नातेवाईक अंगावर येतात. त्यासाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, त्यात नर्सही आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीही. हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मेसेजवाल्याने खरं तर हे लिहायला हवं होतं. त्यावर एकही ओळ नाही.

मी हे सगळं त्या विद्यार्थिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे आता ऑर्डर व्हॉट्सॲपवरच येते. ते चालतं का?" मी म्हटलं, मेसेज फोनमध्ये ठेव, प्रिंट काढून केसपेपरला लाव, सकाळी सही घे. ती हसली. "प्रिंटर ऑफिसात हाय, आणि ऑफिसला रातच्याला कुलूप असतंय."

मग हाताने उतरवून घे, म्हटलं. वेळेसकट.