पव्या एकाला ओरडतो, एकाला विचारतो

सांगलीत विश्रामबागेत चहाच्या गाड्यामागं आमचा कट्टा. परवा विषय काढला पव्यानं. हा कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, शिफ्ट सुपरवायझर. कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथं ऐकून आला की लीडरनं परिस्थिती बघून आपली पद्धत बदलावी.

"म्हणजे सरडा," बापू म्हणाला. बापूची मार्केट यार्डात हळदीची अडत. "आज गोड बोलायचं, उद्या डाफरायचं. लोकं तोंडावर गप बसतात, मागनं म्हणत्यात ह्याचा मूड कळत न्हाई. आमच्या वडलांचा सूर एकच. हमालाला बी तोच, दिवाणजीला बी तोच."

"बापू, एसजी आयर्नला, म्हणजे आमच्या चिवट ओतीव लोखंडाला, मॅग्नेशियम दिलं की घड्याळ सुरू होतं," पव्या म्हणाला. "आठ-दहा मिनिटांत मोल्ड, म्हणजे वाळूचे साचे, भरले न्हाईत तर मॅग्नेशियमचा असर उतरतो, कास्टिंग रिजेक्ट. तवा काय मीटिंग घेऊ? ओरडूनच सांगतो. अन् त्याच पोरांच्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, निघाली की मी तोंड मिटतो. आमचा जुना मोल्डर साच्याची वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून त्याची कड बघतो अन् सांगतो, पाणी जास्त झालंय. लॅबचा रिपोर्ट मागनं येतो. त्याला मी काय हुकूम सोडू?"

आता बापू गप बसणार असं वाटलं, पण सर मध्ये पडले. सर हायस्कूलला पर्यवेक्षक, वाचन दांडगं.

"चार खणांचा तक्ता दाखवला असेल. हर्सी आणि ब्लँचार्ड या दोन अभ्यासकांचा, मूळ मांडणी १९६९ ची. नवख्याला नेमकं सांगा, जरा शिकला की पटवून द्या, मग विचारात घ्या, तयार झाला की सोपवा. पण १९८७ मध्ये व्हेकियो नावाच्या संशोधकांनी हायस्कूलच्या शिक्षकांवर तो तपासला, तेव्हा नवख्यांपुरताच बरा आधार मिळाला. मुरलेल्यांचं काही धड जुळेना. आणि फिडलर हा आणखी एक अभ्यासक तर त्याआधीच, १९६७ मध्ये, म्हणत होता की माणसाची पद्धत सहजी बदलत नाही. त्याला साजेशी जागा द्या, नाहीतर जागाच बदला."

"बघ! आमचं वडील!" बापूनं टाळीसाठी हात पुढं केला. सरांनी काही दिली नाही.

पव्या पुरावर गेला. सांगलीत कुठलाही वाद शेवटी पुरावर जातोच. "२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर. धोक्याची पातळी ४५. तवा काय मतदान घ्यायचं होतं?"

"मतदान न्हाई, पण विचारायला लागायचं," पिंट्या म्हणाला. तो त्या पुरात बोटीवर होता. "बोट गल्लीत घालायची तर कंपाउंडची भिंत कुठं बुडालीय, विजेची डीपी कुठंय, हे तिथल्या पोरालाच ठाऊक. पोहणारे तरबेज आमचे, पण वाट तो सांगायचा. साहेब असो नाहीतर कोण, ऐकायचं त्याचंच."

मला हे पव्याच्या तक्त्यापेक्षा जास्त पटलं. घाई असली की हुकूम, निवांत असलं की चर्चा, एवढं सरळ नसतं ते. त्या कामातलं कळतं कुणाला, हे आधी बघायला लागतं. बापूच्या तक्रारीतही दम आहे. न सांगता पद्धत बदलली की तो मूडच. पव्याच्या शॉपवर 'मेटल आलं' अशी हाक गेली की पुढचं ओरडणं कुणी मनाला लावून घेत नाही, कारण ते कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

"तुझा मोल्डर आता कुठं असतो?" सरांनी विचारलं.

"नव्या मोल्डिंग मशीनवर. जुना माणूस, म्हणून सोपवून टाकलं. पण रिजेक्शन वाढलंय. स्क्रीनवरचं सेटिंग त्याला जमत न्हाई अन् विचारत बी न्हाई."

"मग तो वाळूत मुरलेला, मशीनवर नवखा. ट्रेनिंगवाल्यांनी हे सांगितलं नाही? तो खण माणसाचा नसतो, कामाचा असतो."

पव्या जरा वेळ गप. "शिकवायला हवं. आमचा डिप्लोमावाला पोरगा आहे, त्याला सांगतो."

"चारचौघांत?" बापू उसळला. "इतक्या वर्षांच्या माणसाला काल आलेलं पोरगं शिकवणार?"

"मग काय करू?"

"शिफ्ट सुटल्यावर बसव दोघांना. अन् वाळूचं त्या पोराला ह्याच्याकडनं शिकायला लाव. आधी वाळू, मग स्क्रीन."

"म्हणजे त्याच्यासाठी वेगळी पद्धत," पव्या म्हणाला.

"पद्धत न्हाई रं, रीत आहे ती," बापू म्हणाला, आणि चहाचे पैसे पव्याला द्यायला लावून निघाला.