गटअभ्यासाचा म्होरक्या कसा घडवावा

तर तुमच्या कॉलेजात आता 'पीअर लर्निंग' सुरू व्हायचं आहे. म्हणजे प्राचार्यांनी परिपत्रक काढलं, त्यात समन्वयक म्हणून तुमचं नाव पडलं आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी व्हायला चार महिने उरले. घाबरू नका. वरच्या वर्षाच्या एखाद्या पोराने, म्हणजे म्होरक्याने, खालच्या वर्षाच्या पोरांना अभ्यासाला बसवायचं, एवढीच कल्पना आहे. ती बिघडवायला फार कष्ट पडत नाहीत, फक्त पद्धतशीर असावं लागतं.

सुरुवात यादीने करा. पहिल्या चाचणीत २० पैकी ८च्या खाली राहिलेल्यांची नावं रोल नंबरसकट 'स्लो लर्नर' या मथळ्याखाली जिन्यासमोरच्या बोर्डावर डकवा. ज्यांची नावं त्यात आहेत ती मुलं दुसऱ्या दिवसापासून मागचा जिना वापरू लागली, तर यादी नीट वाचली गेली असं समजा. अमेरिकेत कान्सास सिटीच्या मिसूरी विद्यापीठात डियाना मार्टिन यांनी १९७३ साली 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू केलं, तेव्हा नेमकी इथेच खोडी काढून ठेवली. त्या म्हणाल्या, शिक्का विद्यार्थ्यावर नको, विषयावर मारा. ज्या विषयात तीसेक टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर राहतात नाहीतर विषयच सोडून देतात, तो विषय 'अवघड', आणि त्याची सत्रं त्या विषयाच्या सगळ्या मुलांना खुली. टॉपर येणार, विषय मागे राहिलेला केटीवाला येणार, आणि कोण कशासाठी आलंय ते कुणालाच कळणार नाही. आपल्याकडे असं केलं तर एम-टू, म्हणजे दुसऱ्या सत्राचं गणित, आणि मेकॅनिक्सला जाहीरपणे अवघड म्हणावं लागेल, आणि ते शिकवणाऱ्या सरांना लागेल. पोरांना 'स्लो' म्हटलं तर लागून घ्यायला मध्ये कुणी एचओडी नसतो.

'रिमेडियल' हा शब्दही सोडू नका. बर्कलीला यूरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस शोध घेतला, की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मागे का पडतात. मुलं मेहनती निघाली, पण अभ्यासाला एकेकटी बसत. चिनी वंशाची मुलं घोळक्याने बसून एकमेकांच्या चुका काढत. मग ट्राइसमन यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. उलट नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली आणि ती गटाने सोडवायला बसवलं. कमकुवत म्हणून नव्हे, हुशार म्हणून बोलावलं. तुम्ही या फंदात पडू नका. कठीण गणितं काढायची म्हणजे कुणीतरी बसून काढावी लागतात.

आता म्होरक्या. पॉइंटर, म्हणजे दहापैकी मिळालेली श्रेणी, बघा, दुसरं काही बघू नका. ९.८वाला पोरगा घ्या. ज्या पायरीवर बाकीची साठ मुलं अडकतात ती त्याने बघितलेलीच नसते, कारण त्याने ती कधीच उडी मारून ओलांडलेली असते. 'हे तर ऑब्व्हियस आहे' हे त्याचं आवडतं वाक्य. आठच्या आसपास पॉइंटर असलेली, पहिल्या वर्षी फ्री बॉडी डायग्रामपाशी, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीपाशी, तीन आठवडे अडकलेली आणि कशी सुटली ते अजून आठवणारी मुलगी कुणी सुचवली, तर 'बघू' म्हणा. मुलाखत घेऊच नका. घेतली तर चुकून विचारून बसाल, 'तुझं चुकलेलं एखादं गणित सांग, कुठे चुकलं होतं?' आणि त्या प्रश्नाने सगळंच उघडं पडतं. ज्याला चूक आठवत नाही त्याला दुसऱ्याची दिसत नाही.

प्रशिक्षणाला पाऊण तास पुरतो. त्यातली वीस मिनिटं दीपप्रज्वलन, रोप देऊन स्वागत आणि पाहुण्यांचा परिचय. पुढे 'नेतृत्वगुण' या विषयावर चाळीस स्लाइड, शेवटी समोसा आणि प्रमाणपत्र. ज्यांना रिकामपण आहे ते सत्र सुरू व्हायच्या आधी दोन दिवस घालवतात आणि त्यात भाषण जवळजवळ देतच नाहीत. म्होरक्यांनाच एकमेकांसमोर वीस-वीस मिनिटांची खोटी सत्रं घ्यायला लावतात. बाकीच्यांना चिठ्ठ्या वाटलेल्या असतात. एकाने तोंड उघडायचं नाही, एकाने प्रत्येक उत्तर आधीच ओरडायचं, एकाने दर दोन मिनिटांनी 'हे परीक्षेला येतं का' विचारायचं आणि एकाने 'सर काही शिकवतच नाहीत' असा सूर लावायचा. म्होरक्याने चौघांनाही सांभाळायचं आणि सरांबद्दल हो किंवा नाही यातलं काहीही म्हणायचं नाही. सत्र संपलं की बघणाऱ्यांनी एकच गोष्ट मोजलेली असते: वीसपैकी किती मिनिटं तो स्वतः बोलला. पहिल्या खेपेला आकडा बहुधा लाज वाटण्याजोगा येतो. तो आकडा बाहेर येऊ नये म्हणून पाहुणे आणि समोसा हवेत.

दोन दिवसांतली निम्मी मेहनत गप्प बसायला शिकवण्यात जाते, म्हणजे पैसे देऊन मौनव्रत. मेरी बड रो या बाईंनी १९७४ साली लिहून ठेवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि स्वतःच पुढे बोलू लागतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारीही बोलतात. त्यांनी बघितले ते शाळेचे वर्ग, पण कॉलेजात आलं म्हणून पोरांच्या डोक्याला चाकं लागत नाहीत. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. प्रश्न विचारून मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणून बघा, दुसऱ्या हजारालाच घाम फुटतो. म्हणून तुमच्या म्होरक्याला सांगा, शांतता पसरली की लगेच उत्तर द्यायचं. मुलांना वाईट वाटता कामा नये.

उदाहरणार्थ, मेकॅनिक्सचं हे गणित घ्या. ३० अंशांच्या उतारावर १०० न्यूटन वजनाचा ठोकळा, घर्षणांक ०.४. उताराला समांतर, वरच्या दिशेने ५० न्यूटन बल लावलं, तर घर्षण किती? अर्धा गट धडाधड लिहितो: लंब प्रतिक्रिया, म्हणजे उताराचा ठोकळ्यावरचा काटकोनातला रेटा, ८६.६, गुणिले ०.४, म्हणजे ३४.६ न्यूटन. पुढे 'बाण कुठल्या बाजूला?' यावर दोन तट पडतात. इथे तुमच्या म्होरक्याने फळ्यावर मोठं शून्य काढावं. वजनाचा उतारावरचा घटक बरोबर ५० न्यूटन, बलही ५०, घर्षणाला कामच नाही, ३४.६ ही फक्त त्याची कमाल मर्यादा, कळलं? 'हो', असा एकसुरी आवाज येतो. सगळे उतरवून घेतात. चार मिनिटांत गणित संपलं, पुढचं घ्या. अंतिम परीक्षेत तेच गणित आकडे बदलून आलं की सगळे पुन्हा घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया लिहितील. तो दोष पेपरचा.

जो म्होरक्या बिघडलेला असतो, म्हणजे ज्याला दोन दिवस खरंच तालीम मिळालेली असते, तो इथे काय करतो? मार्कर ३४.६वालीच्या हातात देतो आणि स्वतः खुर्चीवर बसतो. 'बाण काढ.' ती वरच्या दिशेने काढते. तो विचारतो, 'आता सगळी बलं मिळून किती?' स्वतःच्याच बाणामुळे ठोकळा उतारावर आपोआप वर चढायला लागल्याचं तिला दिसतं. ती पुसते, खाली काढते, आता तो खाली घसरतो. मागून कुणीतरी हसतं. तिने 'तूच सांग ना' म्हटलं, तर हा इतरांकडे बघून विचारतो, 'कुणाला काय वाटतं?' आणि गप्प. नंतर एवढंच, 'बल १० न्यूटन केलं तर ठोकळा कुठे जाईल? आणि ९०?' मग कुणीतरी आकडेमोड करून सांगतं की १५.४च्या खाली तो घसरतो, ८४.६च्या वर चढतो आणि मध्ये घर्षण हवं तेवढं, हव्या त्या दिशेने बदलत राहतं. यात पंचवीस मिनिटं जातात आणि गणित एकच होतं. अहवालात 'घेतलेली गणितं' या रकान्यात १ लिहायला कसं वाटेल, सांगा.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसायनशास्त्रासाठी १९९०च्या दशकात जी पद्धत बसवली, तिच्यात गट सहा ते आठ जणांचा असतो आणि उत्तरांची किल्ली कुणालाच देत नाहीत. हट्टीपणा दुसरं काय. तुम्ही गट सेमिनार हॉलइतका ठेवा. जमिनीला ठोकलेले बाक, स्टेज, माइक. मुलांना एकमेकांचं तोंड दिसू नये, पाठ दिसावी. माइक हातात आला की शांत स्वभावाचा पोरगाही दहा मिनिटांत व्याख्याता होतो.

वेळ शनिवारी साडेचारची. साडेपाचची एसटी चुकते म्हणून अप-डाउनवाले पाच वाजताच दप्तर आवरतात, हॉस्टेलवाले मेसच्या वासाने. पहिल्या आठवड्यात मुलांना विचारून मधल्या सुट्टीला लागून तास ठरवता आला असता, पण टाइमटेबल समितीशी कोण भांडणार? सुरुवातही पहिल्या चाचणीचा निकाल लागल्यावर करा. वरातीमागून घोडं निघालं तरी वरात निघाली असंच म्हणतात.

'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन'च्या मूळ पद्धतीत म्होरक्या त्या विषयाच्या लेक्चरला पुन्हा बसतो, सर काय आणि कसं शिकवतात ते बघायला. आपल्याकडे त्याचं स्वतःचं प्रॅक्टिकल त्याच वेळी असतं, ते खरंच अवघड आहे. दर सोमवारी सरांकडून 'या आठवड्यात कुठवर' एवढा दोन ओळींचा मेसेज घेता येतो. घेऊ नका. नाहीतर सत्र वर्गाच्या बरोबरीने चालायला लागेल.

मानधनाचं नाव काढू नका. पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे, त्यातून तासाचे पैसे मिळतील का हे विचारून तरी बघता आलं असतं. पण तिथल्या मुलाला रजिस्टरवर रेघा मारायला लावणं सोपं. म्होरक्याला प्रमाणपत्र द्या. बदल्यात तो आठवडाभर ज्युनिअर्सच्या असाइनमेंट स्वतःच लिहून देईल आणि ती मुलं त्याला देवमाणूस म्हणतील.

देखरेखीसाठी सत्रात जाऊन मागे बसायचं, नंतर त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं, असं काही करू नका. जिओटॅग केलेला फोटो मागवा. फोटोत बॅनर, अक्षांश-रेखांश आणि वर केलेले किमान सहा हात हवेत. फीडबॅकचा गुगल फॉर्म हजेरीशी जोडला की सगळे पाचपैकी पाच देतात. शेवटी सत्राला आलेल्यांचे मार्क न आलेल्यांपेक्षा जास्त दाखवणारा आलेख काढा. मुळात कष्टाळू मुलंच स्वतःहून आली असतील, ही शंका सहसा कुणी काढत नाही.

एक राहिलं. कधीकधी सत्र संपल्यावरही तीन-चार मुली बाहेरच्या पायऱ्यांवर वही उघडून बसलेल्या सापडतात. बल ५०चं ५१ केलं तर बाण कुठे वळेल यावरून त्यांचा आवाज चढलेला असतो, म्होरक्या जवळपासही नसतो. अशा वेळी सहा वाजून गेल्याचं वॉचमनकाकांच्या लक्षात आणून द्या. गेटची किल्ली त्यांच्याकडेच असते.